मुलाला अमली पदार्थ देणाऱ्या पालकाविरुद्ध तक्रार कशी करावी

घरातील मोठे माणूसच मुलाला गांजा, ड्रग्ज किंवा गुंगीच्या गोळ्या देत असेल, अथवा मुलासमोर त्यांचा धंदा करत असेल, तर त्याला घरगुती बाब समजून गप्प बसू नये. मूल बेशुद्ध असेल किंवा असंबद्ध बोलत असेल तर सर्वप्रथम ११२ वर फोन करावा आणि त्याला सरकारी रुग्णालयात न्यावे, कारण तेथील वैद्यकीय नोंद आणि रक्त-लघवीचे नमुने हाच पुढे सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. प्रकृतीला तातडीचा धोका नसल्यास १०९८ ही बालसाहाय्य सेवा दिवसरात्र उपलब्ध असते. घरात पुडी किंवा गोळ्यांची पट्टी दिसली तर ती खिशात घालून ठाण्यात नेऊ नका; अमली पदार्थ जवळ बाळगणे हाच गुन्हा असल्यामुळे वस्तू जागेवरच ठेवून छायाचित्र काढावे आणि जप्तीचा पंचनामा पोलिसांना करू द्यावा.

तक्रार लिहिताना कोणती कृती कोणत्या कलमात बसते हे पाहणे महत्त्वाचे आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार, पात्र डॉक्टरांच्या आदेशाशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्या कोणालाही, मग तो जन्मदाता का असेना, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाकडून माल पोहोचवून घेतल्यास कलम ७८ लागते व शिक्षा तेवढीच आहे. हाताने काही दिले नसले, तरी ताब्यातील मुलाला त्रास होईल अशा परिस्थितीत जाणूनबुजून ठेवणे किंवा त्याची हेळसांड करणे हे कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र आहे. त्या क्रौर्यामुळे मुलाला शारीरिक अपंगत्व किंवा मानसिक आजार जडल्यास किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची सक्तमजुरी होते.

येथे एक अडचण आहे आणि तिच्यामुळे बरीच प्रकरणे पहिल्याच दिवशी थंडावू शकतात. २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे या अधिनियमाखालील गुन्हे अदखलपात्र केले, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत, त्यामुळे केवळ कलम ७७ लिहिलेल्या तक्रारीवर ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगितले जाऊ शकते. मुलांच्या बाबतीत ही दुरुस्ती अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर मार्ग मात्र आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार एकाच प्रकरणातील एक गुन्हा जरी दखलपात्र असला, तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानले जाते. म्हणून घरात प्रत्यक्ष अमली पदार्थ असल्यास एनडीपीएस कायद्याचा (अमली पदार्थविरोधी कायदा), आणि इजा होईल हे ठाऊक असूनही मुलाला गुंगीचे द्रव्य पाजले असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ चा (दहा वर्षांपर्यंत कारावास) उल्लेख तक्रारीत करावा. अर्थात जे घडले तेवढेच लिहावे. कलम वाढवण्यासाठी वस्तुस्थिती वाढवू नये. एनडीपीएस कायद्याच्या कलम ३२-ख नुसार गुन्ह्याची झळ अल्पवयीनांना पोहोचली असल्यास न्यायालय किमान शिक्षेहून अधिक शिक्षा देताना ती बाब विचारात घेऊ शकते, म्हणून मुलाच्या वयाचा दाखला सोबत जोडावा.

एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्याने गुन्हा नोंदवण्यास नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवावा, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. घरातून हलवलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे (मुलाच्या संरक्षणाचा व ताब्याचा निर्णय घेणारी समिती) हजर करावे लागते. मूल आजी-आजोबांकडे ठेवावे असे वाटत असेल तर ती विनंती समितीलाच करावी.

पालक स्वतः व्यसनी असेल आणि त्याच्यावरील आरोप सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल, तर मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतल्यास एनडीपीएसच्या कलम ६४-क खाली त्या आरोपापुरते संरक्षण मिळू शकते. मुलाला अमली पदार्थ दिल्याच्या गुन्ह्याला ते लागू होत नाही. मुलाचे नाव, शाळा किंवा छायाचित्र व्हॉट्सअॅपवर, अगदी मदतीच्या हेतूनेही, टाकू नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.