वंशावळीच्या संकेतस्थळांवर सदस्यांची माहिती शोधताना या चुका टाळा

वंशावळीच्या मोठ्या संकेतस्थळांवर दोन अगदी वेगळ्या प्रकारची माहिती शेजारीशेजारी दिसते. जन्म, विवाह, मृत्यू किंवा प्रवास यांच्या मूळ नोंदींच्या प्रतिमा आणि त्यांची सूची हा एक प्रकार आहे. सदस्यांनी स्वतः भरलेले वंशवृक्ष, चढवलेली छायाचित्रे, घरातल्या कागदांच्या प्रती आणि आठवणी हा दुसरा. गोव्यातल्या हिंदू कुटुंबांच्या बाबतीत हा दुसरा प्रकार विशेष मोलाचा आहे, कारण पुष्कळशी माहिती कोणत्याही सरकारी दप्तरात नसून देवघरातल्या वहीत, देवस्थानाच्या महाजनांच्या (म्हणजे देवस्थानात हक्क असलेल्या कुटुंबांतील पुरुषांच्या) यादीत किंवा मुंबईला गेलेल्या एखाद्या काकांच्या पेटीत असते आणि तिथूनच ती कोणीतरी संकेतस्थळावर चढवतो. तरीही अनेकजण तासन्‌तास शोधून रिकाम्या हाताने परततात. माहिती नसते म्हणून असे होते, असे नेहमीच नाही. ती ज्याने लिहिली त्याच्या लेखनपद्धतीचा विचार न करता आपण आपल्या पद्धतीने शोधतो, हे त्याचे अधिक वारंवार आढळणारे कारण आहे.

आजच्या इंग्रजी स्पेलिंगनेच शोधणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. १९ डिसेंबर १९६१पर्यंत गोव्यातले सरकारी कागद पोर्तुगीज लेखनपद्धतीने लिहिले जात होते, आणि त्या लेखनात के, डब्ल्यू व वाय ही अक्षरे जवळजवळ वापरात नसत. त्यामुळे ‘कर’ या शेवटाचे आडनाव तिथे सी-ए-आर असे लिहिलेले असते, आणि ‘के’ किंवा ‘की’ या उच्चाराने सुरू होणाऱ्या आडनावाचे पहिले अक्षर क्यू असते. ‘श’साठी एक्स हे अक्षर येते. शांतादुर्गा हे नाव एक्सने सुरू होते, हे ज्याला माहीत नाही त्याला त्या नावाची स्त्री सापडणे अवघड आहे. कोंकणी उच्चारातला ‘अ’ बहुधा ओ या अक्षराने लिहिला जाई. म्हणून प्रभू हे नाव पोरोबो झाले, रामचंद्र हे रामचोंद्र झाले. शब्दाच्या शेवटचा अनुनासिक स्वर एम या अक्षराने दाखवला जाई, आणि कामत हे आडनाव कामोतिं अशा रूपात दिसते. शेणवी या शब्दाचे ‘सिनाय’ हे रूप तर असंख्य आडनावांच्या आधी लागलेले आढळते.

आता वृक्ष भरणारा सदस्य कोणता कागद समोर ठेवून बसला होता, याची कल्पना करावी. त्याच्याकडे आजोबांचा पोर्तुगीजकालीन जन्मदाखला असेल, तर त्याने जुनेच स्पेलिंग जसेच्या तसे उतरवले असेल. तो अमेरिकेत वाढलेला नातू असेल आणि आजीच्या तोंडून ऐकून लिहीत असेल, तर त्याने उच्चाराप्रमाणे तिसरेच काही केले असेल. मी स्वतः माझ्या पणजोबांचे नाव कित्येक महिने एकाच स्पेलिंगने शोधत राहिलो. ते शेवटी मिळाले ते ‘पोरोबो’ या नावाखाली, आणि तेही आडनावाच्या रकान्यात नव्हते, मधल्या नावात होते.

उपाय असा की शोध सुरू करण्यापूर्वी कागदावर त्या नावाची पाच-सहा संभाव्य रूपे लिहून काढावीत. त्यानंतर तारांकन चिन्हाचा उपयोग करावा. अ‍ॅन्सेस्ट्री आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या दोन्ही मोठ्या संकेतस्थळांवर तारांकन हे कितीही अक्षरांच्या जागी आणि प्रश्नचिन्ह हे एका अक्षराच्या जागी चालते. आडनावाची पहिली तीन अक्षरे लिहून पुढे तारांकन दिले, तर सी आणि के या शेवटांतला फरक एकाच शोधात मिटतो. काही सदस्यांनी नावे देवनागरीतही भरलेली असतात, म्हणून एकदा देवनागरीतही शोधून पाहावे.

१९९०च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्यानुसार ज्यांनी आडनाव बदलून घेतले, त्यांच्या घरात आजोबा एका नावाने आणि नातू दुसऱ्या नावाने नोंदलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

नावाचे सगळे रकाने भरून टाकणे

आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, तर ही संकेतस्थळे दिलेले नाव व कुलनाम अशा दोनच रकान्यांची कल्पना करून बांधलेली आहेत. त्यामुळे एखादा सदस्य वडिलांचे नाव आडनावाच्या जागी टाकतो, दुसरा ‘सिनाय’ हेच आडनाव समजतो, आणि तिसरा गोत्रच आडनाव म्हणून लिहितो. अशा वेळी आडनावाचा रकाना पूर्ण रिकामा ठेवून केवळ व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव एवढ्यावर शोधावे. ‘अचूक’ ही खूण सुरुवातीला कोणत्याही रकान्याला लावू नये. निकाल फार आले तर ती एकेका रकान्याला लावत जावे.

स्त्रियांच्या बाबतीत अधिक काळजी लागते. लग्नात मुलीचे पहिले नावसुद्धा बदलण्याची पद्धत असल्यामुळे एकच स्त्री माहेरच्या वृक्षात एका नावाने आणि सासरच्या वृक्षात वेगळ्या नावाने असते, आणि दोन्ही वृक्ष ठेवणाऱ्यांना एकमेकांची माहिती नसते. अशी स्त्री तिच्या नावाने शोधू नये. पतीचे व मुलांचे नाव देऊन सासरचा वृक्ष गाठावा आणि भावाच्या किंवा वडिलांच्या नावाने माहेरचा. दत्तकाचेही असेच आहे. दत्तक गेलेला मुलगा जन्मघराच्या वृक्षात मधूनच नाहीसा झालेला दिसतो.

गावाचे नाव यंत्राने सुचवले म्हणून खरे मानणे

वृक्ष भरताना संकेतस्थळ स्थळांची नावे सुचवते आणि घाईत असलेला सदस्य पहिले नाव निवडतो. फिलिपिन्समध्येही गोवा नावाचे एक गाव आहे, आणि मुंबईजवळच्या साष्टी बेटाचे नाव रोमन लिपीत आपल्या गोव्यातल्या सासष्टी तालुक्याशी जवळजवळ जुळते. ते बेटही एके काळी पोर्तुगीजांकडेच होते, म्हणून गोंधळ सहज लक्षात येत नाही. स्थळाचा रकाना काटेकोरपणे भरून शोधणाऱ्याला असे वृक्ष दिसतच नाहीत. शासकीय नावही काळानुसार बदलते. १९६१पूर्वीच्या जन्मासाठी कोणी पोर्तुगीज भारत लिहितो, त्यानंतरच्या जन्मासाठी कोणी गोवा, दमण व दीव लिहितो, आणि ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाल्यानंतर नुसते गोवा. तालुक्यांचीही जुनी रूपे वेगळी असतात: पेडण्याचे पेर्नेम, केप्याचे केपेम, डिचोलीचे बिचोलिम.

याहून सूक्ष्म अडचण मूळ गावाची आहे. सोळाव्या शतकात बाटाबाटीच्या काळात देव हलवले गेले. मंगेश कुशस्थळीहून म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. कुटुंबेही त्याच काळात फोंड्याकडे किंवा आणखी दक्षिणेला गेली. पण घरातली परंपरा सांगताना आपण अजूनही जुनेच गाव सांगतो, आणि सदस्य तेच जन्मस्थळ म्हणून भरून टाकतो. त्यामुळे १८९०च्या सुमारास जन्मलेला माणूस कुशस्थळीत जन्मलेला दिसतो, जरी त्याचे घर तीनशे वर्षे अंत्रुजात, म्हणजे फोंडा भागात असले तरी. फोंडा तालुका देऊन शोधणाऱ्याने म्हणून एकदा मूळ देवस्थानाचे गाव देऊनही शोधावे. आणि असे जन्मस्थळ सापडले, तर ते जन्माचे नसून परंपरेचे आहे, हे आपल्या नोंदीत लिहून ठेवावे.

शके आणि सन यांची सरमिसळ

मराठी वह्यांत वर्ष शकाचे असते. शके १८२० असे लिहिलेले पाहून सदस्याने सरळ १८२० सन भरले, तर ती व्यक्ती ७८ वर्षे आधी जन्मलेली ठरते आणि वर्षाची मर्यादा घालून केलेल्या शोधातून निसटते. शकात साधारणपणे मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवावेत आणि माघ-फाल्गुनासाठी ७९. पौषातील तिथीसाठी पंचांग पाहावे. एखाद्या वृक्षात बाप मुलापेक्षा शंभर वर्षांनी मोठा दिसत असेल, तर प्रथम हा फरक तपासावा. तसेच ०५/०३ ही तारीख गोव्यातल्या लेखकाने ५ मार्च म्हणून लिहिलेली असते आणि अमेरिकन सदस्य ती ३ मे म्हणून उतरवतो.

चुकीच्या विभागात शोधणे

फॅमिलीसर्चवर सगळ्यांनी मिळून घडवलेला एक सामायिक वृक्ष आहे. त्याखेरीज सदस्यांनी वेळोवेळी दिलेल्या वंशावळींच्या फाइली ‘जीनिऑलॉजीज’ या वेगळ्या विभागात ठेवलेल्या आहेत, आणि त्यांत इतरांना बदल करता येत नाही. छायाचित्रे व आठवणी तिसरीकडे असतात. अ‍ॅन्सेस्ट्रीवर मात्र प्रत्येक सदस्याचा वृक्ष स्वतंत्र असतो, आणि सर्वसाधारण शोधात लाखो नोंदींच्या गर्दीत तो मागे पडतो. म्हणून सार्वजनिक सदस्य-वृक्षांचा विभाग आधी निवडून मगच नाव टाकावे. छायाचित्रांचा शोध चित्रातला मजकूर वाचत नाही, तर सदस्याने दिलेला मथळा व जोडलेले नाव वाचतो. मथळा नुसता ‘आजोबा, फोंडा’ असेल, तर नावाने शोधून काहीच मिळणार नाही, गावाने शोधावे.

काहीच दिसत नाही म्हणजे काहीच नाही, असे समजणे

वृक्ष खासगी असू शकतो. तसे असल्यास तपशील झाकलेला असतो, आणि ठेवणाऱ्याने ठरवले तर तो शोधातही येत नाही. ज्याच्या मृत्यूची नोंद भरलेली नाही, अशा व्यक्तीला संकेतस्थळ जिवंत धरून लपवू शकते. आपल्याकडे मृत्यूची तारीख न भरण्याची सवय असल्यामुळे हे फार घडते. अशा वेळी त्या व्यक्तीऐवजी तिच्या आजोबांना शोधावे, म्हणजे उघड्या पिढीतून तोच वृक्ष सापडतो. नुकतीच भरलेली माहिती शोधसूचीत यायलाही काही काळ जातो, म्हणून महिन्याभराने तोच शोध पुन्हा करावा.

सापडलेला वृक्ष तसाच उचलणे

इथे मला सर्वाधिक चिंता वाटते, कारण ही चूक आपल्यापाशी थांबत नाही. पंधरा वृक्षांत एकच जन्मवर्ष दिसले की ते पंधरा पुरावे वाटतात. प्रत्यक्षात चौदा जणांनी पहिल्याचे उतरवलेले असते. अ‍ॅन्सेस्ट्रीवर एखाद्या तपशिलाखाली संदर्भ म्हणून ‘अ‍ॅन्सेस्ट्री फॅमिली ट्रीज’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ ती माहिती दुसऱ्या सदस्याच्या वृक्षातून आली, एवढाच आहे. संदर्भांची यादी उघडून त्यात दाखला, प्रतिमा किंवा देवस्थानाच्या यादीची प्रत आहे का, ते पाहावे.

आपल्या कुटुंबांत नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, आणि एकाच कुळातल्या चार घरांत एकाच वेळी एकाच नावाचे चार चुलतभाऊ असतात. गोत्र एक, कुलदैवत एक, गाव एक, एवढ्यावरून दोन माणसे एकच ठरवली जातात. फॅमिलीसर्चच्या सामायिक वृक्षात अशा दोन व्यक्ती कोणीतरी जोडून टाकल्या असतील, तर त्या व्यक्तीच्या पानावरील बदलांचा इतिहास उघडून कोणी, केव्हा आणि का जोडले हे पाहता येते, आणि चुकीचे एकत्रीकरण मागेही घेता येते. असे करताना कारण लिहावे. ज्याच्याकडे कागद आहे तो मग पुढे येतो.

सदस्याच्या वृक्षातून मिळालेली गोष्ट पडताळण्यासाठी गोव्यात पुरेशी साधने आहेत. महाजनांच्या याद्या देवस्थानांकडे असतात, जन्म-विवाहाचे दाखले नागरी निबंधकांकडे मिळतात, कोमुनिदादीत, म्हणजे गावाच्या सामुदायिक जमिनीच्या संस्थेत, गांवकारांची (गावच्या मूळ हक्कदारांची) वांगडवार, म्हणजे कुळवार नोंद असते, आणि १५९५मध्ये स्थापन झालेले पणजीचे अभिलेखागार तर आहेच. वृक्ष आपल्याला नाव, गाव आणि अंदाजे वर्ष देतो. ते तिन्ही हातात घेऊन कचेरीत गेल्यास काम सुटसुटीत होते.

संदेश पाठवून उत्तराची वाट पाहत बसणे

वृक्ष ठेवणाऱ्याला संदेश लिहिताना ‘आपण नातेवाईक आहोत का?’ असा प्रश्न विचारू नये. आपला पूर्वज कोण, त्याचे गाव व कुलदैवत कोणते, समोरच्याच्या वृक्षातली कोणती व्यक्ती आपल्याला जुळते असे वाटते आणि आपल्याकडे कोणता कागद आहे, हे चार-पाच वाक्यांत सांगावे आणि एकच नेमका प्रश्न विचारावा. वडीलधाऱ्या माणसाशी बोलावे तसे बोलावे, कारण पुष्कळदा तो वृक्ष सत्तरीतल्या एखाद्या आजोबांनी एकट्याने भरलेला असतो. सदस्याने शेवटचा प्रवेश केव्हा केला हे त्याच्या पानावर दिसत असेल, तर तेही पाहावे. दहा वर्षांत तो आलाच नसेल, तर त्याच्या वृक्षातल्या छायाचित्राची प्रत आणखी कोणी आपल्या वृक्षात घेतली आहे का, हे शोधून त्या दुसऱ्या सदस्याला लिहावे.