पुण्यात भाड्याने फ्लॅट घेताय? टोकन द्यायच्या आधी एवढं बघा

आधी हे सांगते, जमलं तर मे-जूनमध्ये घर शोधायची वेळ आणू नका. अ‍ॅडमिशन, बदल्या, लग्नं सगळं एकदम येतं आणि मालक भाव खातात. बाकी काय घासाघीस करायची ती टोकन द्यायच्या आधीच, एकदा पाच-दहा हजार टाकले की ब्रोकर फोन उचलायचा पण कंटाळा करतो.

एरिया ठरवताना मॅपवरचे किलोमीटर बघू नका. कोथरूड, कर्वेनगर छानच आहे, वनाज ते रामवाडी मेट्रोपण आहे, पण ऑफिस हिंजवडीत असेल तर सकाळी नऊला एकदा गाडी काढून जाऊनच बघा, मग ठरवा.

फ्लॅट बघायला ब्रोकर शक्यतो दुपारी बोलावतो. तुम्ही परत एकदा सकाळी जा आणि वॉचमनला किंवा शेजारच्या काकूंना विचारा की नळाला पाणी किती वाजता येतं आणि उन्हाळ्यात टँकर किती लागतात. मालकाला विचारून उपयोग नाही, तो "चोवीस तास पाणी" म्हणणारच. बाणेर-बालेवाडी, वाघोली साइडला तर हे विचाराच, कारण टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा हे बरेच जण नंतर विचारतात. बेडरूममध्ये उभं राहून मोबाईलला रेंज आहे का बघा. पार्किंग कुठलं ते बोट दाखवून घ्या. महावितरणचा ग्राहक क्रमांक मागून घ्या, ऑनलाइन जुनी थकबाकी दिसते.

मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो मालकाने भरायचा असतो, आणि सोसायटीच्या सर्व्हिस चार्जच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. तरी काही जण तो गुपचूप भाड्यात घुसवतात, तेव्हा हिशोब मागायला लाजू नका.

आता अ‍ॅग्रीमेंट. "11 महिन्यांचंच आहे, 500 च्या स्टँपवर नोटरी करून टाकू" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, लेखी आणि रजिस्टरच करावं लागतं, मग 11 महिने असो नाहीतर 36, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते. नाही केलं आणि उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. हे मालकाला गोड बोलून सांगितलं की बहुतेक जण तयार होतात.

खर्चपण काही फार नाही. स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून मिळवतात. म्हणजे भाडं 20,000, डिपॉझिट 60,000, मुदत 11 महिने असेल तर साडेपाचशेच्या आसपास. शहरात रजिस्ट्रेशन फी 1,000. एजंट घरी येऊन आधार आणि अंगठा घेऊन जातो, त्याची फी वेगळी, आणि ती अर्धी-अर्धी करायची की कसं हे आधीच बोलून घ्या.

ड्राफ्ट आला की आधी लॉक-इन (म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) आणि नोटीस पिरियड वाचा. लॉक-इन सहा महिने आणि तुमची बदली तिसऱ्या महिन्यात झाली तर उरलेलं भाडं मागतात, म्हणून बदलीची सूट लिहून घ्या. दुसरं म्हणजे पेंटिंग. "जाताना एक महिन्याचं भाडं पेंटिंगचं कापणार" हे पुण्यात सर्रास चालतं, काढता येत असेल तर काढा, नाहीतर रक्कम तरी आकड्यात लिहायला लावा. गिझर, एसी बिघडला तर दुरुस्ती कोणाची तेही लिहा, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत हेसुद्धा.

डिपॉझिट कॅशमध्ये अजिबात देऊ नका, बँकेतूनच. वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर असेल आणि एचआरए (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची टॅक्स सूट) क्लेम करायचा असेल तर ऑफिसात मालकाचा पॅन नंबर लागतो, तोही आत्ताच मागा, मार्चमध्ये मागितला की मालक गावाला गेलेला असतो.

किल्ली मिळाली की सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, भिंतीवरची ओल, फुटकी टाइल, गळका नळ, मीटरचं रीडिंग सगळं, आणि तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. पोलीस व्हेरिफिकेशन ऑनलाइन होतं, मालकाकडून करून घ्या आणि पावतीची कॉपी सोसायटी ऑफिसात द्या, नाहीतर काही ठिकाणी टेम्पो गेटवरच अडवतात.