मेडिकल कॉलेज काय सांगतं, मुलं काय सांगतात: सीट घेण्याआधी पडताळणी कशी करावी

मेडिकल कॉलेजची चौकशी बहुतेक घरांत नीटचा निकाल हातात आल्यावर सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. केईएची, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश यंत्रणेची, ऑप्शन एंट्री (कॉलेजांचा पसंतीक्रम भरणं) उघडते ती मोजक्या दिवसांसाठी. त्याच दिवसांत जातीचा दाखला, सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा दाखला आणि बँकेचं कर्ज यांची पळापळ असते. मग चौकशी म्हणजे वेबसाइट चाळायची आणि ‘आमच्या साडूचा मुलगा तिथंच आहे, चांगलं आहे म्हणतो’ एवढ्यावर भागवायचं. खरी चौकशी परीक्षेच्या आधी, जानेवारी ते एप्रिलमध्ये करावी. तेव्हा कॉलेज चालू असतं आणि इंटर्न, म्हणजे अभ्यासक्रम संपवून वर्षभर रुग्णालयात काम करणारे विद्यार्थी, ड्युटीवर असतात. विद्यार्थी अभ्यासात असेल तर हे काम आई, काका किंवा थोरल्या बहिणीने अंगावर घ्यावं.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांना तुलना करायची असते ती दोन राज्यांची. बेळगावातच केएलई संस्थेचं १९६३ पासूनचं जेएनएमसी आणि सरकारी बिम्स ही दोन मेडिकल कॉलेजं आहेत. पलीकडे हुबळी, धारवाड, विजयपूर, बागलकोट, गदग. महाराष्ट्राच्या अंगाला कोल्हापूर, मिरज, सांगली. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशात वेगळी सोयही आहे. म्हणजे एकाच घरात बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं आणि एखाद्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं अशी तीन माहितीपत्रकं येऊन पडतात. ती शेजारी ठेवून आकडे जुळवू नका. अभिमत विद्यापीठ स्वतःच्या विद्यार्थ्यांची परीक्षा स्वतःच घेतं, त्यामुळे तिथला निकाल आणि राज्य विद्यापीठाचा निकाल एका तराजूत बसत नाही.

पायरी १: आश्वासनं वहीत उतरवा

शंभर पानी वही घ्या, कॉलेजमागे चार पानं ठेवा. माहितीपत्रकातलं प्रत्येक आश्वासन एका ओळीत लिहा आणि त्यातली विशेषणं खोडून टाका. ‘अत्याधुनिक’, ‘जागतिक दर्जाचं’, ‘अनुभवी’ हे शब्द गेले की पुष्कळ ओळी रिकाम्या होतात. त्या सोडून द्या. उरतील त्यांना मोजता येईल असा प्रश्न जोडा. ‘१००० खाटांचं रुग्णालय’ असेल तर त्यातल्या शिकवण्यासाठीच्या खाटा किती आणि आज भरलेल्या किती. ‘स्किल लॅब’ (पुतळ्यांवर सराव करायची खोली) असेल तर गेल्या महिन्यात तुमच्या बॅचचे तिथं किती तास झाले. ‘इंटर्नना विद्यावेतन’ असेल तर मागच्या महिन्याचं खात्यावर कधी आणि किती जमा झालं.

वेबपानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांनंतर पानं बदलतात.

पायरी २: ज्या वर्षाचा विद्यार्थी, त्या वर्षाचाच प्रश्न

सगळ्यात जास्त चूक इथं होते. पहिल्या वर्षाच्या मुलाला विचारतात, ‘कॉलेज कसं आहे?’ तो सांगतो, छान आहे. तो खोटं बोलत नाही, पण त्याने कॉलेज पाहिलेलंच नसतं. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन विषय, डिसेक्शन हॉल आणि हॉस्टेल एवढंच त्याचं जग. वॉर्डात काय शिकवतात ते त्याला ठाऊक असायचं कारण नाही.

पहिल्या वर्षाला विचारायचं ते असं: एका मृतदेहाच्या टेबलाभोवती किती जण उभे असतात, स्वतःच्या हाताने सुरी किती वेळा धरली, नव्या मुलांचं हॉस्टेल सीनियरांपासून वेगळं आहे का, मेसचं जेवण नको असेल तर पैसे परत मिळतात का, एप्रिलमध्ये पाणी किती वेळ असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला वॉर्ड पोस्टिंगचं विचारा. खाटेशी एका पेशंटमागे किती विद्यार्थी असतात? केस कोण शिकवतं, प्राध्यापक की पीजी (पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर)? इथे पडताळणीची सोपी युक्ती आहे. मेडिसिन, सर्जरी आणि स्त्रीरोग या तीन विभागांच्या युनिट प्रमुखांची नावं विद्यार्थ्याकडून तोंडी घ्या आणि मग वेबसाइटवरच्या यादीशी ताडून बघा. यादीतल्या एखाद्या प्राध्यापकाचं नाव तीन विद्यार्थ्यांपैकी कुणालाच ऐकून माहीत नसेल, तर ते नाव कागदावरच नांदतं असं समजायला हरकत नाही.

इंटर्न हा सगळ्यात मोलाचा साक्षीदार. त्याचा अभ्यास संपलेला असतो, अंतर्गत गुणांची भीती गेलेली असते आणि साडेचार वर्षं त्याने सगळं पाहिलेलं असतं. त्याला मत विचारू नका, मागचा आठवडा विचारा. ‘दादा, गेल्या ड्युटीत तुमच्या युनिटला किती ॲडमिशन आल्या?’ ‘अक्का, आजवर किती डिलिव्हरी स्वतः केल्या, किती नुसत्या बघितल्या?’ ‘रक्त घेणं, ट्रॉली ढकलणं, रिपोर्ट आणणं यात दिवसाचे किती तास जातात?’ मत माणसाच्या त्या दिवसाच्या मूडवर फिरतं. मागच्या आठवड्याचा आकडा फारसा फिरत नाही.

फोन धाकट्या भावंडाने केला तर मुलं मोकळं बोलतात, वडिलांनी केला तर ‘हो काका, सगळं बरं आहे’ एवढंच ऐकू येतं. गणपतीत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीला बाहेरगावी शिकणारी पोरं गल्लीत परततात. वर्षभरात याहून चांगली संधी नाही. पण मंडळासमोर चारचौघांत विचारू नका, चहाला एकट्याला घेऊन बसा.

कॉलेजने स्वतः पुढे केलेले ‘स्टुडंट ॲम्बॅसडर’ आणि तीन वेळा नापास होऊन चिडलेला मुलगा, दोघांचंही ऐका. वहीत दोघांच्या नावांपुढे ते कोण आहेत हे लिहूनही ठेवा.

पायरी ३: ओपीडीत एक सकाळ बसा

विद्यार्थी डॉक्टर होतो तो पेशंटमुळे, त्यामुळे इमारतीपेक्षा गर्दी बघावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांत १०० जागांच्या कॉलेजला ४२० आणि १५० जागांना ६०५ शिकवणीच्या खाटा लागतात, त्या वर्षभर सरासरी ८० टक्के भरलेल्या असाव्या लागतात, आणि दर जागेमागे रोज ८ ओपीडी पेशंट अपेक्षित आहेत. म्हणजे १५० जागांना रोजचे १२००.

मंगळवार ते गुरुवारपैकी कुठल्याही साध्या दिवशी, सणाच्या आगेमागे नाही, सकाळी साडेनऊला जा. सोमवारची गर्दी फसवी असते, रविवारचे तुंबलेले पेशंट त्यात येतात. घरातल्या कुणाला खरोखर दाखवायचं असेल तर त्या दिवशी तिथंच दाखवा, केसपेपरवरचा नंबर मिळतो. नंबर रोज एकपासून सुरू होत असेल तर दुपारी एकच्या सुमाराचा नंबर म्हणजे त्या दिवसाचा साधारण आकडा. नंबर सलग चालत असेल तर सकाळचा आणि दुपारचा फरक काढा. वॉर्डात उगाच शिरू नका, पेशंटना त्रास होतो. बाहेरचं वातावरण पुष्कळ सांगतं. डबे घेऊन बसलेले नातेवाईक, औषध दुकानापुढची रांग, चंदगड, गडहिंग्लज, खानापूरकडून आलेल्या गाड्या. तपासणीच्या दिवशी माणसं आणून खाटा भरता येतात, पण रोजची रांग उसनी आणता येत नाही.

प्रसूतीचा आकडा जरूर काढा, कारण त्यावरून हाताला किती काम मिळेल याचा हिशेब लागतो. इंटर्नशिपच्या ५२ आठवड्यांतले ७ स्त्रीरोग-प्रसूती विभागाचे असतात. १५० इंटर्न असतील तर एका वेळी त्या विभागात साधारण २० जण. समजा महिन्याला ३०० प्रसूती होतात आणि निम्म्या सिझेरियन. उरल्या १५० नैसर्गिक. सात आठवड्यांत त्या साधारण २४० होतील, म्हणजे एका इंटर्नच्या वाट्याला १२, त्यातही पीजींचा हिस्सा. महिन्याला ६० च प्रसूती होत असतील तर हाच आकडा दोन-अडीचवर येतो. मग लेबर रूम काचेची आणि वातानुकूलित असली काय नि नसली काय.

भाषेचाही विचार इथंच करावा. बेळगावच्या ओपीडीत मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतं. विजयपूर किंवा गदगला निभाव कन्नडवरच, आणि ते पुस्तकातलं नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला ‘कळ कधीपासून येते’ हे आजीबाईंना विचारता आलं नाही तर केस घेणंच अडतं. भाषेचे वर्ग असल्याचं आश्वासन असेल तर ते किती आठवडे चालले आणि शिकवायला कोण होतं, हे दुसऱ्या वर्षाच्या मराठी मुलाकडून काढून घ्या.

पायरी ४: निकालाची टक्केवारी उलटी मांडा

‘९५ टक्के निकाल’ हा आकडा परीक्षेला बसलेल्यांवर काढलेला असतो. हजेरी थिअरीत ७५ आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के भरली नाही, किंवा अंतर्गत गुण कमी पडले, तर विद्यार्थ्याला बसूच देत नाहीत. उदाहरणादाखल बघा: प्रवेश १५०, बसले १३८, पास १३१. कॉलेज लिहितं ९५ टक्के. तुमच्या मुलाच्या दृष्टीने खरा आकडा ८७, कारण तो प्रवेश घेणार आहे, नुसता परीक्षेला बसणार नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच: ‘तुमच्या बॅचला पहिल्या दिवशी किती जण होते आणि आज तुमच्याबरोबर किती आहेत?’ मागे पडलेल्यांना ‘ऑड बॅच’ किंवा ‘रिपीटर’ म्हणतात. त्यांच्यासाठी वेगळे वर्ग होतात की त्यांना वाऱ्यावर सोडतात, हेही विचारा.

पायरी ५: पैशांचा कागद

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. फी साडेचार वर्षांची घेतात की पाच हप्त्यांत पूर्ण पाच वर्षांची, हा पहिला प्रश्न. मग वसतिगृह, मेस, अनामत, विद्यापीठ शुल्क, परीक्षा शुल्क आणि ‘इतर’ अशी एकेक ओळ पाडून घ्या. ‘इतर’ची ओळ सगळ्यात फुगते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे मागच्या दोन्ही वर्षांच्या पावत्यांचे फोटो मागा, नाव झाकून. पावतीवर न येणारी रक्कम रोखीने द्यावी लागली का, हे एका वेगळ्या फोनवर विचारा.

विद्यावेतनाबाबत ‘मिळतं’ हे उत्तर अर्धंच. खात्यात जमा होऊन पुन्हा कॉलेजला परत द्यावं लागतं का, हे विचारल्याशिवाय थांबू नका. फी आणि विद्यावेतन संकेतस्थळावर जाहीर करायला आयोगाने कॉलेजांना सांगितलेलं आहे. ज्याने ते लपवलं, त्याच्या वहीतल्या पानावर एक फुली.

‘नीटचे मार्क कमी असले तरी डायरेक्ट सीट काढून देतो’ म्हणणारा एजंट पंचक्रोशीत कुठेतरी असतोच. मॅनेजमेंट आणि एनआरआय सीटसुद्धा समुपदेशनातूनच, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतूनच जातात, कर्नाटकात केईएकडून आणि अभिमत विद्यापीठांत एमसीसी या केंद्राच्या समितीकडून. कॅपिटेशन फी घेण्यावर कर्नाटकात १९८४ पासून कायद्याने बंदी आहे. एजंटच्या हातात पैसे ठेवण्यासारखं काहीच नसतं.

पायरी ६: वजन करा

वहीत प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने करा: कोणत्या बॅचचा माणूस, बघितलं की ऐकलं, तारीख कोणती. मग हे नियम लावा. एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या चौघांनी सांगितलेलं एक मत धरा. दोन वेगळ्या बॅचच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी सांगितलं तर ते पक्कं धरा. पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या डॉक्टरांचं हॉस्टेलबद्दलचं मत जुनं झालेलं असतं, पण वॉर्डातल्या शिकवण्याबद्दलचं अजून चालतं, कारण विभागांच्या सवयी सावकाश बदलतात. गूगलवरचे तारे सोडून द्या. त्यातले बरेच पेशंटचे पार्किंगबद्दलचे असतात.

नव्या कॉलेजचा प्रश्न वेगळा. सिंधुदुर्गचं सरकारी कॉलेज २०२१ चं, हावेरीचं २०२२ चं. अशा ठिकाणी अनुभवी सीनियर थोडे किंवा मुळीच नसतात. मग विद्यार्थ्यांपेक्षा जोडलेल्या जिल्हा रुग्णालयातल्या परिचारिकांना आणि गावातल्या डॉक्टरांना विचारा: पेशंट किती, तज्ज्ञ रोज येतात का, गंभीर केस पुढे पाठवून देतात का.

कोणते दोष सोसावेत याचं उत्तर घरागणिक बदलेल, तरी आमचा क्रम असा: मेस वाईट असलेलं पण वॉर्ड भरलेलं कॉलेज चालेल, मेस उत्तम असलेलं आणि खाटा रिकाम्या असलेलं नको. रॅगिंगबाबत मात्र तडजोड नाही. दोन स्वतंत्र मुलांनी ते असल्याचं सांगितलं तर कॉलेज यादीच्या तळाला. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे, आणि नाव न सांगताही तक्रार करता येते.

कागदावर हवं असेल तर

सरकारी कॉलेजकडून खाटा, प्रसूती, रिक्त प्राध्यापक पदं आणि विद्यावेतन यांचे आकडे माहिती अधिकारात मागता येतात. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून सगळं एका अर्जात कोंबू नका. खाटांचा एक, पदांचा दुसरा. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत लिहा, मराठीतला अडकून पडतो. खासगी कॉलेज थेट उत्तर देत नाही. त्याच्याबद्दलची कागदपत्रं विद्यापीठाकडे किंवा आयोगाकडे मागावी लागतात. फेब्रुवारीत टाकलेल्या अर्जाचं उत्तर ऑप्शन एंट्रीच्या आधी हातात पडतं, जूनमध्ये टाकलेल्याचं बहुतेक वेळा नाही.