इलेक्ट्रिक गिटारचा टोन: आधी उजवा हात सुधारा

यवतमाळकडच्या खेड्यांत भीमजयंतीच्या आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी 14 वर्षं गिटार वाजवतोय. दर सीझनला एखादा नवा पोरगा विचारतोच, "दादा, आवाज लय चरचर करते, कोनतं पेडल घेऊ?" पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाखालची डबी, घेऊ नका. कापसाचा चुकारा हातात आल्याबरोबर मीही घेतलं होतं. चरचर गेली नाही, उलट जास्त ऐकू यायला लागली. दोष उजव्या हातात होता.

अँपवर (अँप्लिफायरवर) बास, मिडल, ट्रेबल, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांची बटणं, मधोमध ठेवा. गेन, म्हणजे आवाज फाटका करणारं बटण, मात्र कमीच. गेन वाढवला की हळू आणि जोराचा फटका सारखाच ऐकू येतो आणि हाताची चूक झाकली जाते.

पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, 0.73 ते 1 मिलिमीटर जाडीचं घ्या. 0.46 चं पातळ पिक कॉर्डला ठीक, पण एकेक सूर वाजवताना फडफडतं. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारिस्ट ब्रायन मे पिकऐवजी सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतात, त्याच्या दातेरी कडेचा आवाज खास त्यांचा आहे. शिकताना त्या वाटेला जाऊ नका.

तार कुठे छेडायची? ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, छेडली तर वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर) जास्त, आवाज टोकदार. गिटारच्या मानेकडे सरकलात की गोल आणि भरदार. तारेच्या अगदी मध्यावर सम उपस्वर दबतात, म्हणून तिथला आवाज पोकळ लागतो. पिकअप (तारेखालचं आवाज पकडणारं चुंबक) न बदलता हात फक्त दोन बोटं सरकवून बघा.

आता खरी अडचण, पिकचा कल. यात माझी दोन वर्षं गेली, कारण "पिक तिरपं धर" एवढंच सगळे सांगत. तिरपं म्हणजे कुठल्या बाजूने? पिक दोन प्रकारे तिरपं होतं. एकात टोक जमिनीकडे किंवा छताकडे झुकतं. तो कल तारेवरून तारेवर जायच्या कामाचा. टोनसाठी लागतो दुसरा. पिक तारेला समांतर, सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूने किंचित वळवायचं, म्हणजे त्याची कड आधी तारेला लागते. सपाट पिकचा सगळा चेहरा तारेवर आदळतो आणि सुराआधी "टक्" ऐकू येतं. वळवलेलं पिक कडेवरून घसरतं आणि सूर मऊ उघडतो. पण फार वळवलंत तर जाड, गुंडाळलेल्या तारांवर खर्र होतं. म्हणून सहावी (सगळ्यात जाड) आणि दुसरी (बारीक) तार आळीपाळीने वाजवा. दुसरीवरची "टक्" गेली आणि सहावीवर खरखर आली नाही, तो तुमचा कोन. मोबाईल अँपसमोर ठेवून रेकॉर्ड करा, वाजवताना कान फसतो.

त्यानंतर खोली. कोळपणीचा डवरा खोल गेला की पराटीची (कपाशीची) मुळं तुटतात, तसंच इथे. पिकचं टोक तारेखाली दीड-दोन मिलिमीटर, बस्स. जास्त खोल गेलं की पिक अडकतं, मनगट झटका देतं आणि तार ताणली जाऊन सूर सुरुवातीला चढा लागतो. लोक मग ट्यूनरला दोष देतात.

आणि पकड. एका जुन्या गिटारिस्टने माझी बोटं पांढरी पडलेली पाहून विचारलं होतं, "अबे, काहून गळा दाबून राह्यला त्याचा?" पिक फक्त निसटू नये इतकंच धरा. एप्रिल-मेमध्ये रात्रीही घाम सुटतो, पिक फिरतं आणि पकड आपोआप आवळली जाते. यासाठी पिकच्या मधल्या भागावर पॉलिश पेपर घासून तो खरबरीत करा. टोकाला आणि कडेला हात लावू नका, तिथला ओरखडा थेट तारेवर ऐकू येतो. मनगट दुखायला लागलं तर थांबा. मी थांबलो नव्हतो, पुढचा महिनाभर गिटार उचलता आली नाही.

पाम म्यूट, म्हणजे तळहाताने तारा किंचित दाबून आवाज बोथट करणं, सोपं आहे. करंगळीखालची तळहाताची कड ब्रिजच्या सॅडलवर (तार टेकते त्या तुकड्यांवर) ठेवा. सूर मेला तर हात मागे घ्या, म्यूट होत नसेल तर किंचित पुढे. तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगवर हलणारा ब्रिज) असेल तर दाबू नका, सूर चढतो.

गावात लाईन गेली की सराव सोडू नका. अँपशिवाय गिटार वाजवताना पिकची "टक्" सगळ्यात स्वच्छ ऐकू येते. लाईन येईपर्यंत सहावी तार, दुसरी तार, पुन्हा सहावी.