एअरबॅगचा दिवा: सोडवायच्या आधी कनेक्टर बघा

इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचता येतात म्हणून एअरबॅगही जमेल, असं समजून हात घालू नका. बाजारातले कोड वाचायचे स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक इंजिनच्या पी कोडपुरतेच असतात. एअरबॅगचे कोड बी ने सुरू होतात आणि ते वाचायला एसआरएस मॉड्यूलमध्ये, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या कंट्रोल युनिटमध्ये, शिरणारा स्कॅनरच लागतो. तो नसेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगा, अंदाजाने पार्ट बदलू नका.

२०१९ च्या महापुरानंतर सांगलीतल्या आमच्या गॅरेजात गाड्यांची रांग होती. स्कॅनर पहिल्यांदाच माझ्या हातात आला होता. एका गाडीत पाणी फक्त कार्पेटपर्यंत शिरलं होतं. मालकांनी पुढच्या सीटा काढून कार्पेट वाळवलं, सीटा परत बसवल्या, आणि तेव्हापासून एअरबॅगचा दिवा विझेना. कोड आला: ड्रायव्हरकडची साइड एअरबॅग, सर्किट रेझिस्टन्स लो. म्हणजे शॉर्ट.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, थांबलो. सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडवला, मॉड्यूलचाही सोडवला. मॉड्यूलच्या टोकाला त्या दोन वायरींवर मीटर लावला आणि बीप वाजला. वायर शॉर्ट आहे असं मी ठरवून टाकलं आणि दोन दिवस हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप सोडवत बसलो. एकही वायर खराब निघाली नाही.

आमचे मिस्त्री आले आणि त्यांनी एकच विचारलं, "सीटखालचा कनेक्टर सोडवायच्या आधी त्याचं लॉक बसलेलं होतं का रे?" मला आठवेना. मी बघितलंच नव्हतं.

इथे नीट लक्ष द्या. पिवळ्या कनेक्टरच्या आत धातूची एक छोटी पट्टी असते, तिला शॉर्टिंग बार म्हणतात. कनेक्टर सुटला की ती एअरबॅगच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते. स्टॅटिकने किंवा भलत्या करंटने एअरबॅग फुटू नये म्हणून ही सोय. कनेक्टर पूर्ण आत गेला की समोरच्या भागातलं प्लास्टिक ती पट्टी उचलतं आणि शॉर्ट सुटतो. पण कनेक्टर अर्धवट बसला तर पिना टेकतात आणि पट्टी मात्र उचलली जात नाही. मॉड्यूलला तो शॉर्टच दिसतो, आणि कोड खोटा नसतो. पुष्कळ गाड्यांत मॉड्यूलच्या कनेक्टरमध्येही असाच बार असतो. माझा मीटर त्याच्यावर वाजला होता. तिथे मोजायचं तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे आधी तो बार उचलावा लागतो.

मिस्त्रींनी कनेक्टर दाबला, टक् असा आवाज आला. बॅटरी जोडली, कोड क्लिअर केला, दिवा गेला.

म्हणून कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. कोड लिहून घ्या, चालू आहे की जुना नोंदलेला तेही लिहा, आणि मगच क्लिअर करा. मी क्लिअर करायची घाई केली नव्हती, एवढं एक बरं झालं.

काही गोष्टींत तडजोड नाही. एअरबॅगवर थेट ओहममीटर लावायचा नाही, मीटरच्या करंटनेही ती फुटू शकते. एअरबॅगच्या जागी साधारण २ ओहमचा सिम्युलेटर, म्हणजे तपासणीपुरता रेझिस्टर, लावून तपासा. कोड गेला तर दोष एअरबॅगमध्ये किंवा तिच्या कनेक्टरमध्ये, राहिला तर वायरिंगमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये. निगेटिव्ह काढल्यावर किती वेळ थांबायचं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, कारण मॉड्यूलमधला चार्ज साठवणारा कपॅसिटर लगेच रिकामा होत नाही. आणि दिवा विझवण्यासाठी कायमचा रेझिस्टर टाकून देणाऱ्यांकडे काम शिकू नका, कितीही जुने असोत. त्या गाडीत बसणाऱ्याला एअरबॅग आहे असंच वाटत राहतं.

घाबरूनही जाऊ नका. नुसते कोड वाचल्याने एअरबॅग फुटत नाही. पहिल्या दिवशी माझेही हात थरथरत होते.

काम झाल्यावर सीट पूर्ण मागे-पुढे सरकवा आणि पुन्हा स्कॅन करा. मग मालकांना सीटवर बसवून इग्निशन चालू करायला सांगा. दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी तो आधीच बंद केला असेल, आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून.