दोन वर्षांचं मूल आणि टीव्ही: या चुका टाळा

पाऊस लागला की खळ्यातलं खेळणं बंद होतं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच घरांत सकाळपासून टीव्ही सुरू असतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाचं नुकसान नेमकं कशाने होतं, हे कळलं तर ते टाळताही येतं.

कोणी बघत नसताना टीव्ही चालू ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, कारण ती चूक वाटतच नाही. आजी मालिका बघतेय, मूल खाली करवंट्या घेऊन बसलंय, त्याचं पडद्याकडे लक्षही नाही. मग बिघडलं कुठे? 2008 साली अमेरिकेत 1, 2 आणि 3 वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं गेलं. मागे मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम चालू होता. मुलं त्याकडे अगदी थोडा वेळ बघत होती, तरी एकाच खेळण्यात रमण्याचा त्यांचा वेळ कमी झाला. करवंटीत पाणी भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं, हा उद्योग मध्येच तुटतो. शिवाय टीव्ही चालू असला की मोठी माणसंही मुलाशी कमी बोलतात, आणि शब्द तर त्या बोलण्यातूनच येतात. आजीची मालिका बंद करायची गरज नाही. ती मूल दुपारी झोपल्यावर लावा. ती संपली की टीव्ही भिंतीवरच्या बटणावरूनच बंद करा.

"बघून शिकेल" म्हणून एकट्याला बसवणं

तोंडाने एक ते दहा म्हणणारं मूल शिकलंय असं वाटतं. बोट न दाखवता "चमचा दे", "चप्पल खंय?" असं विचारून बघा. पाठ केलेला आवाज आणि कळलेला शब्द यांतला फरक लगेच दिसेल. 2003 च्या एका प्रयोगात 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेतले ध्वनी समोर बसलेल्या माणसाकडून ओळखता यायला लागले. तेच व्हिडिओवरून ऐकवल्यावर काहीच फरक पडला नाही. माणूस मुलाच्या नजरेकडे बघून बोलतो, थांबतो, उत्तराची वाट बघतो. पडद्याला ते जमत नाही.

म्हणूनच मुंबईला असलेल्या बाबांचा व्हिडिओ कॉल यात धरू नका. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2021 च्या सूचनांनुसार 2 वर्षांखाली स्क्रीन नकोच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो. 2 ते 5 वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच.

दोन वर्षांनंतर लावायचंच तर असं लावा: संथ, एकच गोष्ट सांगणारा, 15-20 मिनिटांचा भाग निवडा. ऑटोप्ले बंद करा. शेजारी बसा, मध्ये थांबवून "होडी खंय गेली?" विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजून उत्तराची वाट बघा. तोच भाग चार-पाच दिवस दाखवायला हरकत नाही. या वयात तीच गोष्ट पुन्हा बघूनच ती नीट कळते. मग संध्याकाळी बंदरावर नेऊन खरी होडी दाखवा, नाहीतर परातीतल्या पाण्यात करवंटी सोडा.

टीव्हीसमोर भरवणं

पेज पटापट संपते खरी, पण पोट भरल्याचं मुलाला कळत नाही. काही मुलं घास गालात धरून ठेवतात. सगळ्यांच्या पंगतीला बसवा, मऊ भात थोडा थोडा वाढा, अर्ध्या तासात ताट उचला. पहिले काही दिवस मूल रडेल. तेव्हा घरातल्या एकानेही रिमोट हातात घेतला, तर रडलं की टीव्ही लागतो एवढंच ते शिकेल. झोपेआधीचा तासही टीव्हीविना असू द्या.

भाषेला दोष देणं

घरात मालवणी, कार्टून हिंदीत, अंगणवाडीत प्रमाण मराठी, "म्हणून बोलत नाही" असं सर्रास ऐकू येतं. अनेक भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. घरातली मालवणी कृपा करून सोडू नका. ज्या भाषेत आजी भरभरून बोलते, तिच्यातच मुलाला सगळ्यात जास्त शब्द मिळतात.

टीव्ही बंद करून वाट बघत बसणं

वर्षाचं होऊनही बोट दाखवत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दी" असे दोन शब्द जोडत नाही किंवा येत असलेले शब्द गेले, तर टीव्ही कमी कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आधी कानाची तपासणी करून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी मुलाला नक्की न्या आणि वर सांगितलेल्यांपैकी जे दिसतं ते स्वतःहून सांगा.