पिकअपवरचं उचलत्या छताचं घर : पहिला हंगाम कसा काढावा

मिस्त्री म्हणाला होता, "वहिनी, ह्यात पाण्याचा थेंब जरी शिरला तरी मिशी उतरवीन." गगनबावड्याच्या अलीकडे, पहिल्याच मुक्कामी, रात्री दोन वाजता माझ्या उशीवर थेंब पडला तेव्हा मला आधी त्या मिशीचीच आठवण झाली. मिशी अजून शाबूत आहे. चूक त्याची नव्हती, आमची होती. ते पुढे सांगतेच.

आमच्याकडे दोन केबिनची पिकअप आहे. तिच्या हौद्यात बसेल असा एक डबा आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतला. छत मिटलेलं असताना तो केबिनपेक्षा थोडाच उंच दिसतो. मुक्कामाला छत दोन फूट वर उचललं की भोवती कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहतात आणि आत माणूस ताठ उभा राहतो. झोपायची जागा केबिनच्या डोक्यावर. नको असेल तेव्हा चार कोपऱ्यांना जॅक लावून डबा उचलायचा आणि खालून गाडी काढून घ्यायची. पक्क्या भिंतींच्या उंच डब्यापेक्षा हा हलका, आणि फोंडा घाटात आडवा वारा आला तरी कमी डोलतो. पण कापड म्हटलं की ओल आली. आमचा अख्खा पहिला हंगाम दोनच गोष्टींत गेला, वजन आणि ओल. तुमचाही जाईल, म्हणून क्रमानं लिहिते.

१. आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. डबा उतरवता येणारा असला तरी काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. आणि गाडी चालू असताना डब्यात कुणीही बसायचं नाही. मुलं हट्ट करतात. करू द्या.

२. मग काटा

हे आम्ही पाच महिने उशिरा केलं, तुम्ही पहिल्या आठवड्यात करा. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन, दोन्ही असतात. वजाबाकी केली की उरतं ते तुमचं सगळं राज्य : डबा, पाणी, माणसं, गादी, कुकर, छत्र्या, सगळं त्यातच.

कार्तिकात आम्ही वजनकाट्यावर गेलो तेव्हा गळीत हंगाम सुरू झालेला. पुढे उसाच्या चार ट्रॉल्या, मागे दोन, मध्ये आमची पिकअप. काट्यावरच्या पोरानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय भरलंय?" नवरा म्हणाला, "घर." पोरगं पावतीवर काय लिहावं या विचारात पडलं आणि शेवटी त्यानं 'इतर' लिहिलं.

पावतीनं मात्र आमची झोप उडवली. बनवणाऱ्यानं ३८० किलो सांगितलेला रिकामा डबा ५२० किलोचा निघाला. आमच्या गाडीला १,०२० किलोची मुभा. आम्ही तिघं, चाळीस लिटर पाणी, बॅटरी आणि बाकी संसार धरून ९४० पर्यंत पोचलो होतो. म्हणजे ८० किलो शिल्लक, आणि त्यात परतीच्या वाटेवर घ्यायचे आंबे, फणस.

वजन असं करा. आधी डब्याशिवाय, टाकी भरून गाडी काट्यावर घाला. मग रिकामा डबा चढवून. मग प्रवासाचं सगळं सामान आणि माणसं घेऊन. शेवटच्या फेरीत फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मग फक्त मागची, असंही वजन घ्या, कारण एकूण आकडा बसला तरी मागच्या आसावर (ॲक्सलवर) भार जास्त पडलेला असू शकतो. तसं झालं की पुढचं टोक हलकं होतं, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं आणि घाटाच्या वळणावर गाडी ऐकत नाही. उपाय सोपा आहे : पाण्याची टाकी आणि बॅटरी मागच्या आसाच्या पुढे, तळाशी घ्या. पाणी म्हणजे लिटरला किलो, ते सर्वांत लबाड वजन. आम्ही आता घरून दहाच लिटर नेतो, बाकीचं मुक्कामाच्या गावात भरतो.

काहीजण लगेच मागे जादा पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, टाकून घेतात. पाट्यानं गाडीचं बूड वर येतं, कायदेशीर मर्यादा वर येत नाही. आधी सामान कमी करा. टायरची हवा मात्र पूर्ण भाराची ठेवा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची.

३. बांधणं

डबा हौद्याला चार टर्नबकलनी, म्हणजे फिरवून ताणायच्या आकड्यांनी, ओढून बांधतात. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा आवळा, ते सैल झालेलेच असतात. आमचा हा थांबा राधानगरीच्या वाटेवर चहाच्या टपरीशी पडतो, त्यामुळे विसरायला होत नाही. डब्याच्या छताची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये मोजून ड्रायव्हरसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छत, वाड्यांमधल्या लोंबत्या वायरी आणि आंब्याच्या फांद्या यांना तुमच्या अंदाजाशी घेणंदेणं नसतं.

४. पहिली रात्र घराच्या दारात

लोक हसतील, हसू द्या. फुलेवाडीला बहिणीच्या दारात आम्ही एक रात्र झोपलो असतो तर गगनबावड्याची रात्र वाचली असती. दारात झोपल्यावर कळतं की दिव्याचं बटण पायाशी आलंय, रात्री उतरताना पाय ठेवायला काही नाही, आणि चाळणी घरीच राहिलीय. त्याच दिवशी छतावर पंधरा मिनिटं पाइपनं पाणी मारा. एकजण बाहेर, एकजण आत टॉर्च घेऊन.

आमचा थेंब कुठून आला? सोलरची वायर आत घ्यायला आम्हीच छताला एक भोक पाडलं होतं आणि भोवती दुकानात मिळालं ते सिलिकॉन फासलं होतं. गाडी चालते तेव्हा पत्रा सतत थरथरतो. भेगाळलेलं सिलिकॉन कडेनं सुटतं आणि त्यावर नवं सिलिकॉन चिकटत नाही. जुनं पूर्ण खरवडून काढलं, स्पिरिटनं पुसलं, खाली ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) दाबून वर झाकण बसवलं. तेव्हापासून तिथून थेंब नाही. छताला भोक पाडायची वेळ आलीच तर मिस्त्रीकडून पाडून घ्या, म्हणजे मिशीला तरी अर्थ राहील.

५. छत उचलणं आणि मिटणं

यातच सगळी मेख आहे, म्हणून जरा सावकाश.

गाडी सपाटीला, तोंड वाऱ्याकडे करून लावा. बाहेरच्या सगळ्या कड्या सोडा. आमच्याला सहा आहेत आणि लेक मोठ्यानं मोजते, कारण एक विसरून छताला जोर लावला तर कोपरा पिळवटतो. आत जाऊन आधी छतातली झडप उघडा. मग मागची बाजू वर ढकला, मग पुढची. गॅसचे दांडे, गाडीच्या डिकीला असतात तसे, अर्धं काम करतात. उरलेलं खांद्यानं.

मिटताना झडप आणि दार उघडं असणं त्याहून महत्त्वाचं. आतली हवा बाहेर जायला वाट नसली की कॅनव्हास फुग्यासारखा बाहेर फुगतो आणि छत नि भिंतीच्या मध्ये चिमटतो. दाजीपूरहून निघताना पावसाची सर आली, घाई झाली, झडप राहिली. वरून ओढलं, 'चर्र' असा आवाज आला. चार बोटं फाटलं. घरी आल्यावर चपला शिवणाऱ्या एका मामांनी दुहेरी दोऱ्यानं ते असं शिवलं की कारखान्याची शिवण लाजावी. वर मेण घासायला सांगितलं, टाक्यांच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून. पैसे घेताना म्हणाले, "चपलंपेक्षा सोपं हाय, हिला चालायचं न्हाई." तेव्हापासून छत अर्ध्यावर आलं की एकजण बाहेरून चक्कर मारतो आणि हातानं कापड आत सारतो. मगच कड्या.

बाजूला ताडपत्रीचा मांडव टाकणार असाल तर एक कोपरा मुद्दाम खाली घ्या. आम्ही चारही कोपरे सारखे ताणले. मधे पाणी साठत गेलं आणि राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाज्यांसारखं, पातळी झाली की आपोआप सुटलं. खाली स्टोव्हवर पिठलं होतं.

६. ओल

पाऊस बाहेरून येतो, ओल आतून. तीन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड पत्र्यावर आणि कापडावर बसते. पहाटे गादीखाली हात घातला तर ओला. आषाढात आमच्या गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके धरले, ती फेकावी लागली. नवी गादी घेतली तेव्हा खाली फळीऐवजी मधे फटी सोडलेल्या पट्ट्या घातल्या आणि त्यावर कोकणातनं आणलेली काथ्याची चटई. हवा खेळते, तेवढ्यानं काम झालं. आणि कितीही थंडी असो, समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवा.

ओलं छत मिटून घरी यावं लागतंच, पावसाळ्यात दुसरा मार्ग नसतो. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उचला. ऊन नसेल तर आत टेबलफॅन लावा. दोन दिवस ओलं मिटून ठेवलेलं कापड वासानंच सांगतं. बुरशी धरली तर सौम्य साबण आणि मऊ ब्रश. ब्लीच लावू नका, पाणी थोपवणारा थर जातो.

७. वीज आणि गॅस

घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी डब्यात घालायचा मोह होतो. नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि घाटात ॲसिड सांडलं तर डोक्याला ताप. आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएच (अँपिअर-तास) बॅटरी घेतली. १२.८ व्होल्टच्या हिशोबानं ती साधारण १,२८० वॅट-तास देते. आमचा छोटा फ्रिज दिवसाला ५०० च्या आसपास खातो, दिवे-पंखा वेगळे. म्हणजे उन्हाशिवाय दोन दिवस. १०० वॅटचं पॅनल चैत्रात दिवसाला ४०० देतं, आषाढात त्याच्या चौथाईनं मिळालं तरी नशीब. म्हणून चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून भरणारा डीसी-डीसी चार्जर पावसाळी मुलखात पॅनलपेक्षा जास्त कामाचा. पैसे एकाच गोष्टीला असतील तर तोच घ्या.

गॅस पाच किलोचा छोटा सिलिंडर. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातच बाहेर उघडणारं भोक हवं, आणि तो कप्पा आतल्या खोलीपासून बंद. स्वयंपाक बाहेर. कोळशाची शेगडी ऊब म्हणून आत न्यायची नाही, विझत आलेलीसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खरं सांगायचं तर आम्ही फार रांधतही नाही : भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, डबाभर भडंग. तांबडा-पांढरा घरीच बरा, रश्श्याचा डाग कॅनव्हासवरून जात नाही.

८. मुक्काम कुठे

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण आमचे बरेचसे मुक्काम लोकांच्या शेतात झाले. अंधार पडायच्या आत पोचा, मालकाला विचारा, किती जण आहात ते सांगा, सकाळी निघताना कचरा सोबत घ्या. साबणाचं पाणी कॅनमध्ये साठवा, ओढ्यात सोडू नका. राधानगरी अभयारण्यात वाटेल तिथे गाडी लावून झोपता येत नाही, तिथे वनखात्याची परवानगी असलेलीच जागा. मसाईसारख्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, तर गाडी घालूच नका. पावसात तिथं जी इवलीइवली झाडं उगवतात ती एका चाकाच्या फेरीत जातात. आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातली वाळू कितीही मऊ दिसली तरी मुक्काम काठावर, उंचावर. घाटमाथ्यावर वर पाऊस झाला की खाली आभाळ निरभ्र असतानाही पाणी येतं.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून धरेनासे होतात.

९. हंगाम संपल्यावर

डबा उतरवायचा तो सपाट, पक्क्या जमिनीवर. चारही जॅक थोडे-थोडे, आळीपाळीनं फिरवा. एका कोपऱ्याला घाई केली तर पाच क्विंटलच्या वर वजन त्याच्या समोरच्या कोपऱ्यावर कलतं. गाडी बाहेर काढली की डबा खाली लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, जॅकवर लोंबकळत ठेवू नका. टाकी रिकामी करून तोंड उघडं ठेवा. फ्रिजचं दारही. बॅटरी अर्धी भरलेली ठेवून वायर काढा. वायरी आत येतात ती भोकं जाळीनं बुजवा, नाहीतर उंदीर तुमच्याआधी मुक्कामाला येतात. आणि पंधरा दिवसांतून एकदा छत उचलून ऊन द्या.

आमचं छत गेल्या मंगळवारी असंच उचललं होतं. दुपारी बाहेर येऊन बघते तर आई जिन्यावरून कठड्याशी उभ्या, आणि हात पुरेल तिथवर, सोलर पॅनलची जागा तेवढी सोडून, छतावर धोतर पसरून कुरडया घातलेल्या. संध्याकाळी छत मिटायचं होतं. आई म्हणाल्या, "अजून दोन उन्हं लागतील."